बोहनीनंतरचं भांडण

ज्या दुकानाच्या ओट्यावरून माझ्या आईला वर्षानुवर्षं रोज सकाळी हाकललं जायचं, त्या दुकानाला आता काचेचं दार आहे. दाराशी लाल कोट घातलेला एक माणूस उभा असतो. मी पायरी चढले तसा तो कमरेत वाकला आणि म्हणाला, "वेलकम मॅम." माझं डोकं तिथंच फिरलं. या जागेवर आमच्या घरातल्या बाईला कुणी 'या' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. 'सरक', 'हट', 'उचल तुझी पाटी' हे ऐकलंय, आणि त्याची आम्हाला सवय होती.

उल्हासनगरच्या कँप पाचचा हा बाजार मला आता ओळखू येत नाही, आणि मला तो ओळखायचाही नाही. मुंडकी नसलेले पुतळे जीन्स घालून रांगेत उभे. त्यांच्या पायाशी मोमोची गाडी, शेजारी चॉकलेट घातलेली पाणीपुरी. चॉकलेट घातलेली! एक मुलगी काठीला मोबाइल लावून पुरीवाल्याला सांगत होती, "भैया, एक बार फिर से," आणि तो बिचारा तीच पुरी पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवत होता. खात कुणीच नव्हतं. पूर्वी इथं डोळे मिटून चालता यायचं. आधी लोणच्याच्या बरण्यांचा मोहरीचा झणका, मग वाळत घातलेल्या पापडांचा हिंग, मग कापडाच्या ठाणांचा कोरा खळीचा वास, आणि जिरं घालून तळलेल्या मैद्याच्या पुरीचा, पकवानाचा, वास आला की समजायचं, परसूदादाचं दुकान आलं, आता शिव्या खायच्या.

मी परसूदादाला न्यायला आले होते. पकवान खायला नाही, पकवानवाल्याला रिक्षात घालून बदलापूरला न्यायला. वेडेपणा वाटेल, पण माझ्याजवळ दुसरा उपाय उरला नव्हता.

गेल्या थंडीत आईच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हातपाय वाचले, बोलणं परत आलं, डॉक्टर खूश झाले. फक्त तिचा राग परत आला नाही. जी बाई भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवून उठायची, ती आता सगळ्याला 'छान' म्हणते. दुपारी जेवली नाही तर विचारावं, "भूक नाही का?" तर म्हणते, "हाय ना," आणि दोन घास खाऊन म्हणते, "बास, छान झालं." दिवसेंदिवस ती कमी खाते, कमी बोलते, आणि हसते मात्र जास्त. शेजारीण म्हणते, "किती गोड झाल्यात हो तुमच्या आई!" त्या शेजारणीचं तोंड मला बघवत नाही.

परवा मी मॉलमधून प्लास्टिकच्या डबीतली जांभळं आणली. तुरट, आतून पांढरी, एकात तर अळी निघाली. अशी जांभळं कुणी दाखवली असती तर आईनं त्याच्याच पदरात ओतून दिली असती. जन्मभर जांभळं विकलेली बाई ती. तिनं एक चघळलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "छान हाईत." मी स्वैपाकघरात जाऊन रडले. मला गोड आई नकोय. मला माझी आई हवी आहे, आणि माझी आई भांडखोर आहे.

ती सगळ्यात जास्त कुणाशी भांडायची, हे मला माहीत होतं.

आमचं गाव बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या वाटेवर. जांभळांच्या दिवसांत आम्ही अंधारातच उठायचो. पाटीच्या तळाशी जांभळीची पानं, त्यावर जांभळं, त्यावर ओला पंचा. दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मधल्या जागेत आम्ही दोघी अंग चोरून बसायचो. अंबरनाथ आलं की कारखान्यांचा आंबूस, घशात बसणारा वास सुरू व्हायचा आणि आई पदराचं टोक माझ्या नाकावर दाबायची. त्या पदराला जांभळाचा, घामाचा आणि तपकिरीचा वास असायचा. वालधुनी नदीवरून जाताना मी पाण्याचा रंग बघायचे. कधी निळं, कधी तांबडं, जीन्स धुणाऱ्या धुलाईवाल्यांनी त्या दिवशी जे सोडलं असेल ते. मग कँप.

परसूदादाच्या दुकानापुढं पांढऱ्या लादीचा ओटा होता. त्याच्या कोपऱ्यावर, भिंतीला लागून, आई गोणपाट टाकायची. जागा जेमतेम दोन हात. तिथं का बसायची, तर सकाळी दाल पकवान खायला सगळा कँप लोटायचा, आणि खाऊन तोंड पुसत वळलं की समोर जांभळं दिसायची. परसूदादाला हे पुरेपूर कळत होतं. तो ठेंगणा, अंगात नेहमी गंजिफ्रॉक, हातात झारा, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू यावा.

"ए जामुनवाली! मेरी लादी देख! पूरी नीली कर दी, चरी!"

चरी म्हणजे सिंधीत वेडी. कितीतरी वर्षं मला वाटायचं, त्याला आईचं तेवढंच नाव ठाऊक आहे.

"तुजी कडई कुनाच्या पाटीवर धूर सोडते, ते बग आदी!" आई बसल्या जागेवरून म्हणायची. "माज्या जांबलांना तुज्या तेलाचा वास येतो."

"मैं सिंध छोड के आया, माई. घर छोडा, खेत छोडा. अभी ये दो हाथ ओटा भी तेरे को छोड दूं?"

"तू सोडून आलास, नं आमचं घेतलंस! माज्या आजेसासऱ्याची गुरं चरायची हिथं. आदी लष्कर आलं, आमाला बारवीकडं हाकललं, मंग तुमी आलाव. दोन हात तं मी बसनारच."

"तो जा, लष्कर से मांग!"

दोघंही खरं बोलत होते, आणि म्हणूनच ते भांडण मिटण्यासारखं नव्हतं. डाळ धुतल्याचं पाणी तो बरोबर आमच्या गोणपाटाच्या दिशेनं फेकायचा. आई पाणी यायच्या आधीच गोणपाट उचलून उभी असायची. लोक जांभळाच्या बिया त्याच्या लादीवर थुंकायचे, तो फडक्यानं घासायचा, डाग काही जायचे नाहीत. पकवान खाऊन वळलेल्या गिऱ्हाइकाला आई मोठ्यानं सांगायची, "बी फेकू नको, दादा. वाळवून उगाळून घे. आता खाल्लंस ना ते, पोट बिगडंल त्यानं." तो तिकडून ओरडायचा, "जामुन खाके मेरा पकवान मत खाना, साईं! जीभ मर जाती है!" गिऱ्हाइकं हसायची. ते दोघं कधीच हसले नाहीत. ते खरंच एकमेकांचा द्वेष करायचे, असं मी आजही शपथेवर सांगेन.

जांभळं संपली की शेवळं यायची. मातीतून वर आलेले ते जांभळट कोंब, आणि जुडीबरोबर मूठभर कडू काकडं, कारण काकडं घातल्याशिवाय शेवळं शिजवली तर घसा खाजून माणूस हैराण होतो. मग भारंगी, मग टाकळा, मग काटेरी हिरवी कंटोळी. पाटीतला वास दर पंधरवड्याला बदलायचा, शिव्या त्याच. होळीला परसूदादा घीयर काढायचा, ताटाएवढी केशरी जिलबी, तुपाचा वास आमच्या केसांत दोन दिवस राहायचा. मोडलेला तुकडा तो आमच्या पाटीत फेकायचा. "कचरा है. ले जा." आई तो उचलून पदरात बांधायची आणि म्हणायची, "कचराच हाय." घरी येईपर्यंत त्याला कुणालाही हात लावू द्यायची नाही.

आणि श्रावणात त्यांची थदडी यायची. त्या दिवशी सिंध्यांच्या घरी चूल पेटत नाही, आदल्या दिवशी केलेलं थंडच खायचं. परसूदादाची भट्टी गार, दुकानाला फळ्या लावलेल्या, अख्खा ओटा रिकामा. आई तरीही कोपऱ्यातल्या आपल्या दोन हातांतच बसायची. दिवसभर धुसफुसत असायची, गिऱ्हाइकांवर खेकसायची. एकदा मी ओट्याच्या मधोमध पाय पसरून बसले तर पाठीत धपाटा बसला.

"उठ तिथनं! त्ये त्याचं हाय."

मग रस्ता रुंद झाला आणि ओटा गेला. त्या दिवशी आई रिकामी पाटी घेऊन घरी आली आणि तिनं पाटी पालथी घातली. पुढं ती बदलापूर गावात बसायला लागली. तिथं तिला कुणी उठवलं नाही. "तिथं मज्या नाय," एवढंच म्हणायची. आता आमच्या जांभळीच्या जागी मजले आहेत, त्यातल्या एका मजल्यावर आम्ही राहतो, आणि खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात.

तर मी काचेचं दार ढकललं. आत गारठा. नुकतंच उघडलं होतं, टेबलं रिकामी, कोपऱ्यात उदबत्ती जळत होती. गल्ल्यावर माझ्याच वयाचा एक माणूस बसला होता, गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट.

"परसूदादा कुठेत?"

"पापा?" तो उभा राहिला. "पापा तो गए, मॅम. पिछले साल. चेटीचंड के बाद." चेटीचंड म्हणजे त्यांचा पाडवा.

मला वाईट वाटलं असं म्हणणं खोटं होईल. मला राग आला. एवढ्या लांबून मी भांडण न्यायला आले, आणि ज्याच्याकडे ते होतं तो माणूसच नाही. ही काय रीत झाली? मी मागं वळले आणि तेव्हा भिंत दिसली.

भिंतभर चित्र. जुना बाजार. कौलं, सायकली, बैलगाडी, आणि मधोमध एक बाई, कमरेवर पाटी, नाकात नथ, वांग्याएवढी जांभळं. ती बाई हसत होती. तिच्याशेजारी लिहिलं होतं की इथं उभं राहून फोटो काढा.

"ही कोण?"

"ये थीम है, मॅम. ओल्ड मार्केट. डिझाइनर ने किया."

"हीच बाई इथं तुमच्या ओट्यावर बसायची. कोपऱ्यात, भिंतीला लागून. ती हसायची नाही. तुझा बाप तिच्यावर डाळीचं पाणी फेकायचा. ते पाणी का नाही काढलं चित्रात?"

"सॉरी, मॅम."

"तिच्या जांभळांचे डाग कुठेत?"

"बहुत सॉरी, मॅम. आप बैठिए ना प्लीज. एसी कम करूं?"

मी आवाज चढवला. तो आणखी गोड झाला. मी म्हटलं, ज्या बाईला उभ्या जन्मात इथं पाणी विचारलं नाही तिला भिंतीवर टांगून धंदा करता, लाजा नाही वाटत? तो म्हणाला, नाश्ता आमच्याकडून घ्या. असल्या माणसाशी भांडायचं कसं? उशीला गुद्दे मारल्यासारखं झालं. बापाला मी जन्मभर शिव्या दिल्या असत्या, पण बापाला भांडता येत होतं. मी आणखी तोंड उघडणार तोच त्यानं एकदम दोन्ही हात जोडले. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"आंटी, हाथ जोडता हूं. बोहनी नहीं हुई अभी. बोहनी होने दो, फिर जो बोलना है बोलो."

मॅमची आंटी झाली होती, आणि त्या गुळगुळीत चेहऱ्याआडून परसूदादा माझ्याकडे रोखून बघत होता. मुकाट्यानं दाल पकवान बांधून घ्यायला सांगितलं, पैसे दिले. त्यानं नोट कपाळाला लावली, गल्ल्याला टेकवली, आणि "हां, अब बोलो" म्हणून खाली बसला. आता बोलायची परवानगी होती. मी पुडी घेऊन बाहेर पडले.

रिक्षा अंबरनाथकडे वळेपर्यंत मला ते आठवत गेलं. मी कशी विसरले? दोघांचा एक नेम होता, न ठरवता ठरलेला. बोहनी होईपर्यंत वाकडा शब्द काढायचा नाही. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी जो तोंड वाजवतो, तो आपलाही दिवस नासवतो आणि शेजाऱ्याचाही. त्यामुळं सकाळी दोघंही ओठ मिटून बसायचे. तो पीठ तिंबायचा, ती पानं लावायची. नजरेला नजर नाही. गिऱ्हाईक लवकर आलं तर ठीक. पण कधी पाऊस असायचा, कधी बाजार बंदची अफवा असायची आणि गल्लीत कुत्रंही फिरकायचं नाही. भांडण दोघांच्याही घशाशी आलेलं, आणि बोहनीचा पत्ता नाही.

मग परसूदादा झारा खाली ठेवायचा. आमच्यासमोर यायचा, न बोलता मूठभर जांभळं उचलायचा, नाणं टाकायचा. आई ते नाणं कपाळाला लावून पानांखाली सरकवायची. मग ती उठून त्याच्याकडे जायची, न बोलता अर्धं पकवान घ्यायची, पैसे ठेवायची. तो ते कढईवरून ओवाळून गल्ल्यात टाकायचा. दोघांची बोहनी झाली. आई जागेवर येऊन बसायची, पदर खोचायची, आणि तो तिकडून सुरू करायचा, "ए जामुनवाली! मेरी लादी देख!"

मी बदलापूर गावात उतरले. रस्त्याच्या कडेला एक कातकरीण पाटी घेऊन बसली होती. जांभळं टपोरी, काळीभोर, धूळ बसलेली, खाली जांभळीची पानं. पाटीसकट विकत मागितली तेव्हा तिनं मला दोन शब्द सुनावले आणि मग दिली. त्या दिवसातलं ते पहिलं बरं बोलणं.

घरी आई गॅलरीच्या दाराशी खुर्चीत बसली होती. मी ताटात पकवान ठेवलं, वाटीत डाळ, वर चिंचेची चटणी. "परसूदादाकडचं आहे," म्हटलं. तिनं एक तुकडा मोडला, खाल्ला.

"छान हाय," ती म्हणाली आणि हसली.

मी पाटी आणून तिच्या मांडीवर ठेवली. तिची बोटं आपणहून पानं सारखी करायला लागली. मी समोर जमिनीवर बसले. न बोलता मूठभर जांभळं उचलली आणि तिच्या तळहातावर एक नाणं ठेवलं.

तिनं नाण्याकडे पाहिलं. कपाळाला लावलं. पानांखाली सरकवलं.

मी आवाज जमेल तेवढा घोगरा केला. "ए जामुनवाली! सरक. ओटा मेरा है."

काहीच झालं नाही. मला माझीच लाज वाटली. आईनं एक जांभूळ तोंडात टाकलं, सावकाश चोखलं, आणि बी माझ्या पांढऱ्या लादीवर थुंकली.

"नाय सरकत," ती म्हणाली.

"मेरी लादी!"

"चाट तुजी लादी! दोन हातांसाठी कोकलतोस रोज. नं ह्ये पकवान हाय? वातड! तेल कदी बदललंस, मेल्या? गेल्या शिमग्याला?"

"मैं सिंध छोड के आया..."

"मंग जा परत!"

आम्ही भांडलो. काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शेजारीण दारात डोकावली, "सगळं ठीक आहे ना?" म्हणाली, तर आईनं तिला विचारलं, "तू कोन गो? तुज्या घरी भांडनं नाय होत?" ती बाई दार लावून गेली आणि मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. आईच्या गालांवर रंग आला होता. बोलता बोलता तिनं अर्ध्याहून जास्त पकवान संपवलं होतं, वातड, वातड म्हणत.

मग ती थांबली. माझ्याकडे नीट बघितलं, कितीतरी दिवसांनी.

"गेला नं तो?"

"कोण?"

"सोंगं नको करूस. तो असता तं सोता आला असता भांडाय. तुला कशाला धाडलं असतं?"

"हो," मी म्हटलं. "मागच्या वर्षी."

तिनं पदरानं तोंड पुसलं. ती आता पुन्हा हसेल, 'छान झालं' म्हणेल, अशी मला भीती वाटली. ती हसली नाही. ताटातला उरलेला तुकडा उचलून तिनं उजेडात धरला, वळवून बघितला.

"तरीच," ती म्हणाली. "आता कोन बसतो गल्ल्यावर?"

"त्याचा मुलगा."

"त्याला बोल्लीस कं, वातड हाय म्हनून?"

"भांडले त्याच्याशी. पण दुसऱ्याच गोष्टीवरून."

"बोहनी झालेली?"

मी खाली वाकून लादीवरची बी उचलली. आईनं तो तुकडा ताटात आपटला.

"भवाने! बोहनीआदी तोंड उघडलंस? त्याच्या दारात जाऊन? एवढी वर्सं मी त्याच्या नावानं बोटं मोडली, पन बोहनीआदी कदी चकार शब्द काडला नाय, नं त्यानं बी नाय. हेच शिकवलं मी तुला?" डोळे पाण्यानं भरले होते आणि आवाज मात्र पार गल्लीच्या टोकाला जाईल असा. "उद्या सकालीच जा. उघडायच्या टायमाला जा. आदी बोहनी कर त्याची. मंग सांग वातड हाय म्हनून, नं चांगलं वरडून सांग. त्याला बी कलूं दे, बापाचं दुकान हाय त्ये."